एफ-वन दाबा, पुढे चला

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. डोंबिवलीत याला कोणी वेडेपणा म्हणत नाही. घड्याळ बरोबर ठेवलं तर लोकल चुकते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ते पुढे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, प्रत्येक जण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो आणि तरीही धावतच सुटतो. मी ३२ वर्षं असाच सुटलो. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

आमचा कॉम्प्युटर २०१२ सालचा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन असेंबल करून आणलेला. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि दुकानदाराचा ‘साहेब, दहा वर्षं बघायला नको’ हा शब्द. ग्रँट रोडला चढून दादरला गाडी बदलायची तर खोक्यांचा भुगाच झाला असता, म्हणून टॅक्सी करून सीएसटी गाठलं (तेव्हा ते सीएसटीच होतं) आणि तिथून सुटणारी डोंबिवली लोकल धरली. दुपारची वेळ. मॉनिटर खिडकीत, त्याच्या शेजारी सीपीयू, आणि मी चौथ्या सीटवर अर्धा बाहेर. ठाण्याला चढलेल्या एका गृहस्थांनी खोक्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘इथे कोणी बसलंय का?’ मी म्हटलं, ‘बसलंय.’

पुढे मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आला. त्याच सुमारास मी निवृत्त झालो, आणि निवृत्त माणूस मोकळा सापडला की सोसायटी त्याला सेक्रेटरी करून टाकते. मेंटेनन्सच्या पावत्या, टाकी साफ करण्याच्या नोटिसा, ‘गॅलरीतून कचरा टाकू नये’ याच्या सात आवृत्त्या, हे सगळं त्या कॉम्प्युटरवर व्हायला लागलं. बाकी इंटरनेट म्हणाल तर ते फोनवर. त्यामुळे याचं नि जगाचं फारसं बोलणं नव्हतं.

एका उन्हाळ्यात विजेचं बिल बघून सौ.नं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. माझ्या वाट्याची पिवळी चिठ्ठी मॉनिटरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लागली: ‘काम झाले की मेन बंद करणे.’ ‘करणे’ हे रूप आमच्याकडे फक्त लेखी येतं आणि आलं की त्यावर अपील नसतं. मी रोज संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करू लागलो.

काही महिन्यांनी कॉम्प्युटर सुरू करताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी यायला लागल्या. त्यातली शेवटची तेवढी मला कळली: पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. दाबलं. गेला पुढे. बसमध्ये कंडक्टर ‘पुढे चला’ म्हणतो तेव्हा आपण कारण विचारतो का? आमच्या लिफ्टचं दार ढकलावं लागतं, बाथरूमची कडी जरा उचलून लावावी लागते, तसं याला एफ-वन. पाहुण्यांनासुद्धा मी सहज सांगायचो, ‘काही नाही, एफ-वन दाबा.’

आणि मग अपडेट अडलं.

निळी पट्टी सरकायची, थबकायची, आणि खाली अक्षरं उमटायची: काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा. सोबत एक आकडा, शून्य-एक्स-८००७२एफ८एफ. मी आयुष्यभर हिशेबखात्यात काढलं. आकड्यात ‘एफ’ घुसलेला पाहिला की माझी पहिली शंका लेखनदोषाची. फोनवर भाचा म्हणाला, ‘मामा, तो दहाऐवजी सोळा अंकांत लिहिलेला आकडा आहे. नऊनंतर ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा, असं करत एफ म्हणजे पंधरा.’ ज्या खात्यात पंधराला एफ म्हणतात ते खातं कधी जुळणार, असं मनात आलं, पण भाचा ऐरोलीत आयटीत आहे, त्यामुळे बोललो नाही.

‘एकदा रिस्टार्ट करून बघा,’ तो म्हणाला. केलं. काळा पडदा आला, एफ-वन दाबलं, पुढे गेलो. तोच आकडा. ‘डाउनलोडचा जुना फोल्डर रिकामा करा.’ केला. तोच आकडा. ‘राउटर बंद-चालू करा.’ केला, तर सौ.ची मालिका ऐन थपडेच्या क्षणी गोल गोल फिरायला लागली. आकडा तोच. मग त्यानं दुरून कॉम्प्युटर चालवायचं एक सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं, तर तेही जोडणी होत नाही म्हणून हटून बसलं. शेवटी भाच्यानं मला काळ्या खिडकीत ‘एसएफसी स्कॅननाऊ’ अशी आज्ञा टाइप करायला लावली. पंचवीस मिनिटं टक्के मोजून कॉम्प्युटरनं इंग्रजीत जे निवेदन दिलं त्याचा माझ्या परीनं अर्थ असा: सचोटीचा कुठेही भंग झालेला आढळला नाही. मला ३२ वर्षांच्या नोकरीत असं सर्टिफिकेट कोणी दिलं नाही आणि हा नापास होऊन वर सचोटीचा दाखला मिरवतोय.

कॉम्प्युटरमध्ये दोष शोधणारं म्हणून एक बटण असतं. ते दाबलं की भिंग फिरतं, ‘दोष शोधत आहे’ येतं आणि मग ‘दोष सापडला नाही’. सरकारी चौकशी समितीला निदान चहा-बिस्किटं लागतात.

मधल्या काळात मी यूट्यूबचा विद्यार्थी झालो. कुठल्याशा गावच्या पोरगेल्या तज्ज्ञानं ‘तो दोस्तों’ म्हणत आठ मिनिटांत सतरा ठिकाणी क्लिक केलं आणि शेवटी त्याचं अपडेट झालं. माझं झालं नाही, पण कॉम्प्युटरची सगळी अक्षरं अचानक मोठी झाली. ती तशीच ठेवली. त्या सबंध प्रकरणात झालेली ती एकमेव सुधारणा होती. हे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तिकडे अमेरिकेत सकाळी निघतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास, असंही ज्ञान त्यातून मिळालं. म्हटलं, आपण शिळं मागत असू, ताजं मागून बघू. दुसऱ्या मंगळवारी रात्री जागत बसलो. सौ.नं विचारलं, ‘अहो, उपास आहे का आज?’ रात्री बारा वाजता ताजा आकडा आला. तोच.

याच धडपडीत मी एकदा कॉम्प्युटरवरच ब्राउझर उघडला, इंटरनेट तरी चालतंय का ते बघायला. तिथे चक्क शुद्ध मराठीत लिहून आलं: तुमचे घड्याळ मागे आहे.

मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. सव्वासात. म्हणजे सात-पाच. आमचं घड्याळ मागे? डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं? मी हसलो आणि खिडकी बंद केली. कॉम्प्युटरला भ्रम व्हायला लागलाय, असं त्या रात्री भाच्याला कळवलंसुद्धा.

मग दुरुस्तीवाला मुलगा आला. त्यानं सीपीयू बाल्कनीत नेला, झाकण काढलं आणि ब्लोअर लावला. दहा वर्षांची धूळ खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर जाऊन बसली. त्याबद्दलची तक्रार माझ्याकडे, म्हणजे सेक्रेटरीकडेच, लेखी आली. मग त्यानं खिशातून खोडरबर काढलं आणि रॅमची पट्टी शाळेतल्यासारखी मन लावून खोडली. मला वाटलं, आता आठवणीच पुसतो की काय. पण नाही, त्या पट्टीच्या कडेचे सोनेरी दात घासायची ती रीत आहे म्हणे. सगळं परत बसवून त्यानं बटण दाबलं, काळा पडदा आला, आणि माझ्याकडे न बघता त्यानं सवयीनं एफ-वन दाबलं. अपडेटला आकडा तोच आला. ‘काका, मशीन म्हातारं झालंय, नवीन घ्या,’ असं म्हणून तो साडेतीनशे रुपये घेऊन गेला. म्हातारं झालंय हे वाक्य त्यानं नेमकं कोणाकडे बघून उच्चारलं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

उलगडा केला तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. हे काका ऑडिटमधून निवृत्त झालेत, पण ऑडिट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. रविवारी सकाळी पावती घेऊन दारात उभे.

‘सेक्रेटरी, ही तारीख वाचा.’

पावतीवर आजची तारीख आपोआप पडते, अशी सोय मुलानं करून दिली होती. मी चष्मा लावला. ०१-०१-२००९.

‘मी या बिल्डिंगमध्ये आलो २०१४ साली,’ काका म्हणाले. ‘मग २००९ साली माझ्या नावानं मेंटेनन्स कोणी भरला? आणि भरलाच असेल, तर त्या वेळच्या दरानं भरला असणार. तेव्हा वरची रक्कम परत करा.’

मार्चपासूनच्या सगळ्या पावत्या काढून पाहिल्या. सगळ्या १ जानेवारी २००९. अख्ख्या सोसायटीत एकानंही तारीख वाचली नव्हती, आणि सही करणाऱ्यानंही नाही, म्हणजे मी.

मी कॉम्प्युटरपाशी गेलो आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातली पिवळी चिठ्ठी उचलली. खाली घड्याळ होतं. रात्रीचे बारा वाजून सात मिनिटं. १ जानेवारी २००९. बाहेर ऊन तापलं होतं.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटरच्या पोटात मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर आतलं घड्याळ विजेवर चालतं. ते बंद केलं की सगळी मदार त्या सेलवर. मी चिठ्ठीबरहुकूम रोज मेन बंद करत गेलो आणि सेल रात्रभर एकटा पहारा देत झिजला, संपला. त्यानंतर दर रात्री मेन बंद झाला की घड्याळाची स्मृती जायची आणि सकाळी कॉम्प्युटर कारखान्यातल्या ठरावीक तारखेपासून जन्म घ्यायचा. स्वतः २०१२ सालचा, पण शुद्धीवर यायचा २००९ मध्ये, स्वतःच्या जन्माच्या तीन वर्षं आधी. त्या काळ्या पडद्यावरच्या इंग्रजी ओळी हेच तर सांगत होत्या, आणि मी त्याच्या तोंडावर एफ-वन मारून पुढे जात होतो.

आता अपडेटचं याच्याशी काय नातं, तर ते पासधारकाला सांगायला नको. अपडेट देणारं तिकडचं मशीन आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवतं. त्यावर लोकलच्या पासासारखं लिहिलेलं असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. आमचा कॉम्प्युटर म्हणजे टीसी, आणि त्याच्या लेखी आज २००९. समोरचा येऊन कितीतरी वर्षं पुढचा पास दाखवतोय. कुठला टीसी सोडेल? तो रोज त्या बिचाऱ्याला उतरवत होता, आणि मला आकड्यात कळवत होता की सुरक्षित जोडणी होत नाही. त्या आकड्याचा सरळ सल्लाच असतो, आधी तारीख-वेळ तपासा. पंधराला एफ म्हणणाऱ्यांनी तेवढंच शब्दांत लिहिलं असतं तर खालच्या मजल्याच्या चादरी वाचल्या असत्या.

‘पण मामा, घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं,’ भाचा म्हणाला. जुळतं, पण त्यालाही मर्यादा. फरक १५ तासांच्या आत असला तरच ते हात लावतं. त्याहून जास्त असला तर समोरच्याचंच काहीतरी बिघडलं असेल असं समजून सोडून देतं. नातेवाइकांचं असंच असतं. पाच मिनिटं उशिरा पोचलात तर सुनावतात, पाच वर्षांनी उगवलात तर कोणी काही बोलत नाही.

सेल शोधायला मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो नाही, तिथे मला पुन्हा कोणी नवीन मशीन घ्या म्हणालं असतं. स्टेशनजवळ जिन्याखाली एक घड्याळवाले बसतात, त्यांच्याकडे गेलो. सीआर-२०३२ म्हटल्यावर त्यांनी वर न बघता काचेखालून एक काढला. या नावाचंही गणित त्यांनीच सांगितलं: २० मिलीमीटर रुंद आणि ३.२ मिलीमीटर जाड, म्हणून २०३२. वर्षानुवर्षं भिंगातून बघणाऱ्या माणसाला मिलीमीटर असे तोंडपाठ असतात.

‘मनगटातलं का भिंतीवरचं?’ त्यांनी विचारलं.

‘कॉम्प्युटरचं.’

‘त्यालाही घड्याळ असतं होय!’ ते म्हणाले. ‘चाळीस द्या.’

घरी येऊन मी सौ.समोर हिशेब मांडला. बंद कॉम्प्युटर मेन चालू ठेवून फार तर ३ वॉट खाईल असं धरू. दिवसाचे वीस तास, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे १.८ युनिट. दोन युनिटसुद्धा नाहीत! एवढ्यासाठी मी दोन महिने २००९ सालात काढले.

‘वर्षाचे एकवीस युनिट झाले,’ सौ. म्हणाली. ‘आणि सेल चाळीस रुपयांचा, तोही इतक्या वर्षांनी एकदा. वाचले का नाही पैसे? साडेतीनशे तुम्ही त्या खोडरबराला दिलेत, ते माझ्या चिठ्ठीत नव्हते.’

मी सेल बसवायला घेतला.

झाकण माझं मीच काढलं. जुना सेल नखानं उचलला, नवा ‘टक्’ करून बसला. भिंतीवरच्या घड्याळात बघून तारीख-वेळ घातली आणि अपडेटचं बटण दाबलं. निळी पट्टी सरकली, थबकली, माझाही श्वास थबकला, आणि ती पुढे गेली. तीन तास चाललं होतं. मध्ये तीनदा रिस्टार्ट झाला. प्रत्येक वेळी माझं बोट एफ-वनवर जाऊन बसलं होतं, पण विचारायला कोणी आलंच नाही. पावत्या नव्या तारखांनी पुन्हा छापून दिल्या. काकांनी तीही तपासली आणि ‘शिक्का तिरका आहे’ एवढंच म्हणाले.

चिठ्ठी आता मॉनिटरच्या डाव्या कोपऱ्यात आहे, मजकुरात बदल नाही.

संध्याकाळी सहज पाहिलं, तर कॉम्प्युटरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा दहा मिनिटं मागे. माझा जीव परत टांगला. मग लक्षात आलं. मी वेळ लावली होती आमच्या भिंतीवरून, म्हणजे दहा मिनिटं पुढची. फरक १५ तासांच्या आतला, त्यामुळे त्यानं इंटरनेटवर विचारून ती गुपचूप दुरुस्त केली होती. तेव्हापासून घरातलं बरोबर वेळ दाखवणारं ते एकमेव घड्याळ आहे, आणि म्हणूनच गाडी पकडायची असली की त्याच्याकडे कोणीही बघत नाही.