ओला, सुका आणि कुळवृत्तांत

मंगळवारी सकाळी साडेसातला, कॉम्प्युटरच्या जुन्या फ्लॉप्यांवर साठवलेला आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत सुक्या कचऱ्यात गेला. गेला म्हणजे पार गाडीत चढला. मी तोंडात ब्रश घेऊन, एका पायात आत्याची चप्पल घालून धावलो, तेव्हा कुठे गाडी इंदूरच्या रामबागेच्या कोपऱ्यावर थांबली.

दोष माझाच, असा घरातला ठराव आहे. आदल्या रात्री आत्याने विचारलं होतं, "काय रे उद्योग चाललाय?" मी मान वर न करता म्हणालो, "इमेज काढतोय फ्लॉप्यांची." हे एवढंच. सकाळी ती म्हणते, "तुझं एकेक चाललं होतं, बावीसपैकी सोळाच झाल्या होत्या. म्हटलं, पोरगं दमलंय. मग राहिलेल्या काय, सगळ्यांच्याच काढल्या मी मोबाइलवर. दोन्ही बाजूंनी. इमेजा निघाल्यावर ठेवायच्या कशाला? गणपती तोंडावर आलेत."

दोन्ही बाजूंनी! 360 केबीची फ्लॉपी दोन्ही बाजूंनी वाचावी लागते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इथे मात्र तिने अंतःप्रेरणेने चव्वेचाळीस फोटो काढले.

आता इमेज म्हणजे काय ते एकदाचं सांगून टाकतो, आत्या हे वाचणार नाही तरी. फ्लॉपीवरच्या फाइली कॉपी करणं वेगळं आणि इमेज काढणं वेगळं. इमेजमध्ये तबकडीवरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे साठवणुकीचा छोटा कप्पा, रिकामा असो वा भरलेला, ओळीने उचलून एका फाइलीत ठेवतात. सव्वापाच इंची, 360 केबीच्या फ्लॉपीवर 40 ट्रॅक (गोल पट्टे), 2 बाजू, दर ट्रॅकला 9 सेक्टर आणि दर सेक्टरला 512 बाइट असतात. गुणाकार करा: 3,68,640. इमेजचा आकार बाइटमध्ये बरोबर एवढा आला पाहिजे. 512 ने कमी आला तर एक सेक्टर वाटेत पडला. त्यामुळे "360 केबी" असं गोल दिसलं की खूश व्हायचं नाही, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेवटचा आकडा बघायचा.

आणि ही सव्वापाच इंची पोर्टेबल ड्राइव्हमध्ये घालता येत नाही. यूएसबीवाले ड्राइव्ह मिळतात ते साडेतीन इंचीचे. सव्वापाचसाठी अटाल्यातून जुना ड्राइव्ह आणायचा, 34 पिनांची वायरची पट्टी शोधायची आणि ड्राइव्ह नि कॉम्प्युटर यांच्यामध्ये ग्रीसवीझल नावाची एवढीशी सर्किटची पाटी लावायची. ड्राइव्हला 5 आणि 12 असे दोन्ही व्होल्ट लागतात. त्यातले 12 साध्या यूएसबीतून येत नाहीत, म्हणून जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय शेजारी घुर्र करत ठेवायचा. जेल रोडवर मोबाइलची काच दहा मिनिटांत बदलून मिळते. पण फ्लॉपीची पट्टी मागितली की दुकानदार आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्यामागे कुणी सांभाळणारं आलंय का ते बघतो.

तर गाडी.

आमच्या शहराचा 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर येत आलाय आणि त्याची किंमत आम्ही रोज सकाळी देतो. इथे कचऱ्याच्या सहा जाती आहेत आणि जातीबाहेर काही खपत नाही. गाडीवरचा पोरगा अतिशय सज्जन. त्याने माझ्या फ्लॉप्या सुक्यात टाकल्या नव्हत्या, हातातच धरून ठेवल्या होत्या.

"भिया, ये सूखे में जाएगा के इलेक्ट्रॉनिक में? माताजी ने सूखे में दिया है."

"कहीं नहीं जाएगा," मी फेसासकट म्हणालो. "मेरा है."

एवढ्यावर संपलं असतं. पण समोरच्या बंगलीतले काका परडी आणि कात्री घेऊन जास्वंदीपाशी उभे होते. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना प्रश्न उघडा राहिलेला चालत नाही.

"थांब रे," काका त्या पोराला म्हणाले. "तू इलेक्ट्रॉनिक कशावरून म्हणतोस?"

"इसमें डाटा रेता है ना, बाबूजी."

"डाटा वहीतपण राहतो. वही काय इलेक्ट्रॉनिक झाली? यात तार दाखव मला. सेल दाखव. चिप दाखव."

पोरगा गप्प. मीही गप्प, कारण काकांचं बरोबर होतं. फ्लॉपीत इलेक्ट्रॉनिक असं काही नसतंच, ते सगळं ड्राइव्हमध्ये.

"फिर सूखा," पोरगा सुटकेने म्हणाला.

"सुका कसा? प्लास्टिक वेगळं द्यायचं असतं ना? बाहेरून हे प्लास्टिक आहे."

"फिर प्लास्टिक."

"पण आतून कापड असतं! आमच्या बँकेत ढिगाने होत्या, मला विचार. आत पांढरं कापड असतं, धूळ पुसायला. म्हणजे मिश्र झालं. मिश्र तुम्ही घेता?"

"मिक्स तो नी लेते बाबूजी, ऊपर से मना है."

गाडीवर गाणं चालू. मागे दोन स्कूटर आणि एक पोहेवाला अडकलेला. पलीकडच्या वहिनी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन ताटकळत उभ्या. आणि मी पायजम्यात, पणजोबांच्या वंशावळीचं वर्गीकरण ऐकतोय. काकांनी पोराच्या हातातली वरची फ्लॉपी घेतली आणि म्हणाले, "बघ, दाखवतोच." मी "काका, न..." एवढं म्हणेपर्यंत जास्वंदीच्या कात्रीने त्यांनी तिची एक कड सरळ कापली. पाकीट उघडावं तशी ती उघडून त्यांनी आतली काळपट तपकिरी तबकडी बाहेर ओढली, तिच्यावर बोट फिरवलं आणि विजयाने म्हणाले, "हे बघ कापड."

ती सतरावी होती. सोळा झाल्या होत्या ना, त्याच्या पुढची.

काकांचं विश्लेषण, सांगायला वाईट वाटतं, पण पुन्हा अचूक होतं. बाहेर पीव्हीसीचं पाकीट, आत न विणलेल्या धाग्याचं अस्तर आणि त्यात पॉलिएस्टरची तबकडी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप. पोराने मान डोलावली आणि मला म्हणाला, "भिया, तीनों अलग-अलग करके कल दे देना." मग गाडी गेली. वहिनींची बादली राहिली, त्याचाही राग माझ्यावरच.

काका माझ्यामागोमाग घरात आले. "एवढं काय आहे त्यात?" असं म्हणून खुर्चीत बसले, आणि आत्याने त्यांना पोहे दिले. कात्री चालवणाऱ्याला पोहे, ज्याचं कापलं गेलं त्याला "आधी तोंड धू."

त्यात काय होतं, तर आतोबांनी 1991 साली टंकलेला कुळवृत्तांत. आतोबांच्या पीसीत सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड होतं. डॉस या विंडोजआधीच्या जुन्या प्रणालीत मराठी दाखवण्याचं काम ते कार्ड करायचं. अक्षरं इस्की नावाच्या भारतीय संकेतात साठवली जायची, एका खुणेला एक बाइट. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-8 संकेतात तेच देवनागरी चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे आतोबांनी एका फ्लॉपीत बसवलेला मजकूर आज तिप्पट होऊन त्याच फ्लॉपीत मावणार नाही. पीसी पुढे किलोच्या भावाने गेला, कार्डासकट. तेव्हा कुणी फोटोही काढला नाही.

काकांना गप्प करायला म्हणून मी पहिल्या फ्लॉपीची इमेज डॉसबॉक्स नावाच्या इम्युलेटरमध्ये चढवली. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग. प्रोसेसर, डॉस, ड्राइव्ह, सगळ्याचं सोंग तो आणतो, आणि वेग जास्त वाटला तर कंट्रोल-एफ11 दाबून सायकल्स उतरवता येतात. नाहीतर 4.77 मेगाहर्ट्झसाठी लिहिलेले जुने खेळ बोट उचलायच्या आत संपतात. पण जिस्ट कार्डाचं सोंग डॉसबॉक्सला येत नाही. मग इस्कीचे बाइट तो अमेरिकन पीसीच्या मूळ अक्षरसंचात दाखवतो. त्या संचात नेमक्या त्याच जागी चौकटी काढायच्या रेघा आहेत. 'क' चा क्रमांक 179, तिथे उभी रेघ. 'य' च्या जागी आडवी दुहेरी रेघ. काना म्हणजे कोपरा. ऱ्हस्व वेलांटी म्हणजे सबंध काळी वीट. त्यामुळे मूळपुरुष विनायक पडद्यावर आले ते असे: एक कोपरा, एक वीट, एक फाटा, पुन्हा कोपरा, दुहेरी रेघ, उभी रेघ.

काका चष्मा सारून पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हा तर प्लॉटचा नकाशा आहे," ते हळूच म्हणाले. "वहिनी, तुमची कोकणातली जागा मोजलेली आहे यात!"

पुढची वीस मिनिटं आत्या आणि काका आमच्या खापरपणजोबांच्या नावात न्हाणीघर शोधत होते. आत्याला विहीरसुद्धा सापडली. (तो अनुस्वार होता. त्याच्या जागी वर तिरपी रेघ दिलेला 'ओ' येतो.)

खरा मार्ग साधा आहे. इम्युलेटरच्या नादी न लागता इमेजमधून मजकुराची फाइल बाहेर काढायची आणि तिचं रूपांतर करायचं. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, 57002 या क्रमांकाने आजही आहे. हे मी दोघांना सांगितलं. काका म्हणाले, "ते कर तू, पण नकाशाची एक प्रिंट दे."

संध्याकाळी सतराव्या फ्लॉपीचं ऑपरेशन केलं. अशी वेळ कुणावर आली तर सांगतो. एक कोरी फ्लॉपी घेऊन तिची वरची कड कापायची, आतली तबकडी काढून टाकायची आणि आपली तबकडी त्या पाकिटात सरकवायची, बाजू न उलटवता. कड चिकटवली नाही तरी चालतं. त्याआधी तबकडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके धरतात तेही असेच जातात. न पुसता घातली तर घाण ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खरवडल्या जातात. काकांच्या बोटांना खोबरेल होतं. चार बोळे लागले. बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची म्हणजे चुकून काही लिहिलं जात नाही. साडेतीन इंचीत उलटं, तिथे भोक उघडं ठेवायचं. आणि ड्राइव्ह 1.2 एमबीचा असेल तर त्याचे ट्रॅक 80, फ्लॉपीचे 40, म्हणून हेड दर वेळी दोन पावलं सरकवायला सांगायचं. एवढं करून मी वाचायला लावली. कर्रर्र, टक, कर्रर्र, टक. इमेज आली. आकार बघितला: 3,68,640. मी टाळी वाजवली.

वाजवायला नको होती. आकार बरोबर म्हणजे मजकूर बरोबर असं नसतं. जो सेक्टर वाचता येत नाही त्याची जागा ग्रीसवीझल रिकामी सोडत नाही, तिथे इंग्रजीत "बॅड सेक्टर" असा शिक्का पुन्हा पुन्हा मारून 512 बाइट भरून काढतो. असे सात सेक्टर निघाले, काकांचं बोट फिरलं नेमकं त्याच पट्ट्यात. रूपांतर करताना इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी राहतात. त्यामुळे रात्री मी आत्याला वाचून दाखवायला बसलो तेव्हा मजकूर असा होता, की पणजोबांना तीन मुलगे: थोरले वामनराव, मधले गोविंदराव आणि बॅड सेक्टर.

आत्याने जपमाळ खाली ठेवली.

"धाकट्यांबद्दल घरात कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "पण ह्यांनी असं छापायला नको होतं."