गोधडी असेल, पण तुकडे कोणते निवडले ते बघा

'स्वीट' या ब्रिटिश रॉक बँडच्या अल्बमवरच्या माझ्या लेखाला दिलेल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. चांगली खरपूस आहे, त्यामुळे उत्तरही जरा ऐसपैस देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 'स्वीट'चा १९७३चा अमेरिकी अल्बम हा अल्बमच नव्हे. 'लिटल विली' तिकडे गाजलं म्हणून बेल रेकॉर्ड्सने हाताला लागली ती जुनी गाणी जोडून शिवलेली गोधडी आहे. खरा बँड ऐकायचा तर ब्रिटिश अल्बम ऐकावेत, आणि मी मात्र या दुकानदारीला डोक्यावर घेतलं.

दुकानदारी होतीच. 'लिटल विली' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, मग कंपनी हातावर हात ठेवून बसणार होती का? पण 'ब्रिटिश अल्बम ऐका' म्हणता, तो कोणता? १९७१च्या 'फनी हाऊ स्वीट को-को कॅन बी'नंतर त्यांचा पुढचा ब्रिटिश स्टुडिओ अल्बम, 'स्वीट फॅनी ॲडम्स', थेट १९७४मध्ये आला. मधल्या काळातलं 'विग-वॅम बॅम', पाच आठवडे एक नंबरवर बसलेलं ते सायरनवालं 'ब्लॉक बस्टर', 'हेल रेझर', हे सगळं तिकडे सिंगल म्हणूनच, म्हणजे सुट्या छोट्या तबकड्यांवर निघालं. म्हणजे ऐन बहरातला स्वीट ब्रिटनमध्ये स्टुडिओ अल्बमवर नाहीच.

आता निवड बघा. दहापैकी चार गाणी चिन आणि चॅपमन या बाहेरच्या गीतलेखक जोडीची, हिट झालेली. बाकीची बँडने स्वतः लिहिलेली, त्यातली बहुतेक सिंगलच्या बी-साइडवर, म्हणजे मागच्या बाजूला पडून होती. गंमत म्हणजे 'को-को' आणि 'फनी फनी' ही आधीची हिट गाणी या अल्बमवर घेतलीच नाहीत. त्यांच्या मागच्या बाजूची 'डन मी राँग ऑल राइट' आणि 'यू आर नॉट राँग फॉर लव्हिंग मी' मात्र घेतली. 'को-को' म्हणजे बेटावरचं गोड गोड नाचगाणं, आणि तीच तबकडी उलटली की 'डन मी राँग'मध्ये अँडी स्कॉटची गिटार अंगावर येते. हाताला लागेल ते घेणाऱ्याने 'को-को' सोडलं असतं? ब्रिटनमध्ये ते दोन नंबरला गेलं होतं!

'त्या गाण्यांत वाजवणारे भाडोत्री होते' हा तुमचा टोमणा सुरुवातीच्या सिंगल्सपुरता रास्त आहे. 'विग-वॅम बॅम'च्या आधी ए-साइडवर, म्हणजे पुढच्या बाजूला, बँडचा गायक कॉनोली गायचा, बाकीचे कोरसमध्ये साथ द्यायचे, आणि वाद्यं बहुतांशी स्टुडिओतले वादक वाजवायचे. पण बी-साइडवर वाजवणारे बँडचे हेच चौघे. त्यामुळे या अल्बमवर 'लिटल विली' आणि तिच्याच मागच्या बाजूचं 'मॅन फ्रॉम मेक्का' एकाच तबकडीवर येतात, तेव्हा रेडिओवरचा स्वीट आणि स्टेजवरचा स्वीट असे दोन्ही ऐकू येतात. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता.

'डेसोलेशन बुलेव्हार्ड' या नंतरच्या अल्बमची कॅपिटॉल या अमेरिकी कंपनीने मोडतोड केली, हेही तुम्ही लिहिलंय. मोडतोड खरी. १९७५च्या अमेरिकी आवृत्तीत दोन ब्रिटिश अल्बमांतली गाणी आणि वर 'बॉलरूम ब्लिट्झ' असा मेळ आहे. पण तिथेही पहिली बाजू अख्खी चिन-चॅपमनची आणि दुसरी अख्खी बँडची! 'फॉक्स ऑन द रन'सुद्धा ब्रिटिश अल्बममधलं जुनं नाही, बँडने पुन्हा रेकॉर्ड केलेलं सिंगल घेतलंय, आणि ते निर्विवाद सरस आहे. 'लेडी स्टारलाइट' गाळलं, त्याबद्दल मात्र तुमच्याइतकाच माझाही राग आहे. तेवढ्यासाठी ब्रिटिश प्रत ठेवाच.