आईची पाऊणकी अंधश्रद्धा नाही

“कोळी-आदिवासींच्या समजुती शाळेत आणल्या तर मुलांचं विज्ञान बुडेल. ते ज्ञान नव्हे, अंधश्रद्धा. असल्या गोष्टींनी कुणाचा जीव वाचत नाही.” हा मेसेज मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या वेसाव्याच्या घरात तो पोचला आणि आईने नातवाला भरतीची वेळ सांगणं बंद केलं. “माझं ऐकून मार्क जायचे तुझे,” म्हणाली. म्हणून लिहितेय.

म्हणे ज्ञान नव्हे! आई बोंबील साफ करता करता तिथी विचारते आणि पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणते; तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ. चतुर्थी? चार पाऊण तीन, भरती तीनच्या सुमारास. षष्ठीला साडेचार. पुनव-अवस झाली की मोजणी पुन्हा एकपासून. ती तिथीमागे 45 मिनिटं धरते. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यामुळे तिची वेळ तंतोतंत जुळत नाही, थोडी पुढेमागे होते. किती होते आणि का, हे सातवीच्या मुलाला शोधू द्या. चंद्राची गती, गुरुत्वाकर्षण, अपूर्णांक, सगळं त्यात आलं. पाण्याच्या ओढीवर चालणारं डोल जाळं भांगापेक्षा (लहान भरतीपेक्षा) उधाणाला (पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीला) जास्त का भरतं, हा पुढचा धडा.

अंधश्रद्धेचं म्हणाल, तर नारळ वाहिल्याने दर्या शांत होत नाही. मान्य. पावसाळी वारा ओसरतो म्हणून होतो. पण सगळंच त्या एका नारळावर मोडीत काढायचं? वारल्यांच्या वाघोबा या देवाची टवाळी करणाऱ्यांनी 2021 चं संशोधन वाचावं. माणूस आणि बिबट्या एकाच परिसरात राहतात, त्यात या श्रद्धेचाही वाटा असल्याचं त्यात नोंदलंय.

सगळ्यात संताप येतो तो जीव वाचण्याच्या वाक्याचा. इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटावर 1907 साली त्सुनामी आली. तेव्हापासून आज्या नातवंडांना ‘स्मोंग’ची गोष्ट सांगत आल्या: मोठा भूकंप झाला, समुद्र मागे हटला, की डोंगराकडे पळा. 26 डिसेंबर 2004 ला पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा हे बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. वस्ती सुमारे 78 हजार, मृत्यू 7. लोकांच्या हातात यंत्राचा इशारा नव्हता, आज्यांनी सांगितलेली गोष्ट होती.

हे मी आईला वाचून दाखवलं. कालपासून ती पुन्हा सांगायला लागलीय. मुलाने वहीत दोन रकाने आखलेत, एकात आजीची वेळ, दुसऱ्यात भरतीच्या तक्त्यातली. पंधरवडा भरला की वही बाईंना दाखवणार आहे.