विरक्ती की डिप्रेशन? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, रागाने का होईना पण सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की म्हातारपणातल्या डिप्रेशनवर लिहिताना मी श्रद्धेलाच आजार ठरवलं, नामस्मरण करणाऱ्याला डिप्रेशन येतच नाही, आणि तुमच्या वडिलांनी वर्षभरात बोलणं, पेपर, कट्टा सगळं सोडलंय, पहाटे तीनला उठून बसतात, ती विरक्ती आहे.

श्रद्धेने आजार होतो असं मी म्हटलेलं नाही हो. उलट देवाधर्माचा बहुतेकांना आधारच असतो, पण देवाने आपल्याला टाकलं असं एकदा मनाने घेतलं की तोच आधार टोचायला लागतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या हॉस्पिटलात वगैरे 55 च्या पुढच्या 596 पेशंटांचा अभ्यास झाला होता, 2001 साली छापून आला, त्यात असं वाटणाऱ्यांमधे पुढच्या दोनेक वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, आजारपण हिशोबात धरूनसुद्धा.

आमच्या नात्यातल्या एक आजी. नवरात्रात रात्री डोळा लागला, अखंड दिवा विझला, आणि दिवाळीनंतर आजोबा गेले. झालं, माझ्यामुळेच गेले! देवघरात पाऊल टाकेनात, ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसायच्या, आणि येणारा-जाणारा सांगायचा जप वाढवा. जपाला बसलं की दिवाच आठवायचा त्यांना. रडणं वगैरे नाही, गुडघे दुखतात, पोट साफ होत नाही, एवढंच. म्हातारपणी हे बऱ्याचदा असं अंगदुखीतूनच बाहेर पडतं, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. पुढे गोळ्या सुरू झाल्या, आणि ओळखीच्या कीर्तनकारबुवांनी समोर बसवून विचारलं, आई लेकरावर वातीसाठी सूड उगवते का हो? कशाने किती फरक पडला देव जाणे, पण पडला.

विरक्ती आलेला माणूस निवांत असतो, दोन घास का होईना गोडीने खातो, नातवाने हाक मारली तर ओ देतो. तुम्हीच लिहिलंय की बाबांचे कपडे ढगळे झालेत आणि मी तुम्हाला ओझं झालोय म्हणतात. मला नाही वाटत ही विरक्ती आहे. जप चालू राहू दे, पण फॅमिली डॉक्टरांकडे न्या, थायरॉईड आणि बी-12 बघायला सांगा, त्यांच्या गडबडीनेही असं होतं. गोळ्या दिल्याच तर गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच सोडू नका, आणि या वयात काही गोळ्यांनी सोडियम उतरतं तेव्हा रक्त तपासायचं विचारून ठेवा. मरणाची भाषा काढली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.