मालिका मंडळाच्या उपलब्धी

संध्याकाळी सात ते साडेनऊ आमच्या सोसायटीत कोणी आजारी पडू नये. पडायचंच असेल तर जाहिराती लागल्यावर पडावं. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरचे रस्ते ओस पडतात ते उन्हापायी. आमचा जिना संध्याकाळी ओस पडतो तो मालिकांपायी. त्या वेळात दाराची बेल वाजवणारा एकतर नवा कुरिअरवाला असतो, नाहीतर वैरी.

या प्रेक्षकवर्गाचं आता मंडळ झालं आहे आणि त्याचा ताप मला आहे. गणपतीत आमच्याकडे जो तो गट आपला कार्य-अहवाल वाचतो. हास्य क्लबवाले लावलेल्या झाडांचा आकडा सांगतात, जगलेल्यांचा सांगत नाहीत. यंदा खालच्या काकूंनी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, "मालिका मंडळाचाही अहवाल होईल. भाऊजी लिहून राहिले." भाऊजी म्हणजे मी. मला हे तिथंच कळलं.

"पण काकू, उपलब्धी काय लिहू?"

"वा जी! इतकी वर्षं पाहून राहिलो आम्ही, ते काय फुकट?"

मग मी अभ्यासाला लागलो. पहिलं उदाहरण अमेरिकेतलं सापडलं. तिथल्या 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्यांनी सरकारवर पत्रांचा असा मारा केला की १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी पहिल्या स्पेस शटलचं नाव बदलायला लावलं. ठेवायचं होतं 'कॉन्स्टिट्यूशन', ठेवलं मालिकेतल्या यानाचं, 'एंटरप्राइज'. हे मी मंडळात मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं.

"मग ते यान वर गेलं का?" काकूंनी विचारलं.

नाही गेलं. ते हवेतल्या चाचण्यांसाठी बांधलेलं होतं. अंतराळात कधी गेलंच नाही. आता न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे.

"म्हणजे बारसं झालं आणि पोरगं घरीच," काकू म्हणाल्या. "काटा ते."

दुसरं उदाहरण मात्र जिव्हारी लागलं. १९८८ साली दूरदर्शनवरचं 'रामायण' संपत आलं, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. मागणी पगाराची नव्हती. लवकुशांची कथाही दाखवा, ही होती. पुढे 'उत्तर रामायण' आलं. हे ऐकून मंडळात शांतता पसरली आणि मग कोपऱ्यातून आवाज आला, "आपणही जाऊ शकतो नं संपावर. पोळ्यांच्या." बैठकीला चहा देण्यासाठी थांबलेले दोन नवरे तसेच कप घेऊन आत गेले.

स्वतःच्या उपलब्धी सांगा म्हटल्यावर मतभेद झाले. एका गटाचं म्हणणं, राधिकापासून सुरुवात करा. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ ते २०२१ चालली आणि तिची नायिका नागपूरची होती. त्याआधी पडद्यावर "करून राहिली" म्हणायचा मान बहुतेक मोलकरणीला नाहीतर चौकीदाराला मिळायचा, हे माझंही मत आहे. पण मंडळाला वाक्य हवं होतं ते असं : "आमच्या मुलीनं मुंबईत मसाल्याची कंपनी काढली."

"काकू, ती काल्पनिक आहे."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत एका खलनायिकेचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढायचा ठरावही झाला होता. तो साडी कोणाची द्यायची यावर फिसकटला, म्हणून गाळला.

लॉकडाऊनचा मुद्दा मात्र सर्वानुमते. २०२०मध्ये चित्रीकरण पुन्हा सुरू झालं तेव्हा सरकारच्या नियमात पासष्टीपुढच्यांना सेटवर मज्जाव होता. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं तो उठवला. मधल्या काळात पडद्यावरच्या घरांतले आजी-आजोबा दिसेनासे झाले. या काळात मंडळानं रोज त्यांची चौकशी केली. स्वतःच्या सासऱ्यांची इतकी केल्याचं मला आठवत नाही.

आणि खरी उपलब्धी कोणी सांगितलीच नाही. ती मी माझ्या मनानं घातली. २०१९च्या फेब्रुवारीत ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाचा नवा नियम आला : हवे ते चॅनल निवडा, तेवढ्याचेच पैसे भरा. तेव्हा पहिल्या शंभर चॅनलचं भाडं १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. मग पैशांच्या चॅनलची किंमत वेगळी, तिच्यावर पुन्हा जीएसटी, त्यात एकेक घ्यावा की पॅक घ्यावा हा घोळ. आमच्या इमारतीत दोन इंजिनीअर आणि एक सीए राहतात. तिघांनीही केबलवाल्यानं दिलं ते घेतलं.

काकूंनी एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं रकाने आखले. डावीकडे चॅनल, मधे किंमत, उजवीकडे त्यावर लागणाऱ्या मालिका. ज्या चॅनलच्या उजवीकडे काही नाही, त्यावर काट. काकांचे खेळाचे चॅनल पहिल्याच फेरीत गेले. बातम्यांचा एक ठेवला, तोही फुकट होता म्हणून. केबलवाला आला तेव्हा त्याच्या बिलात आणि पत्रिकेत फरक निघाला. त्यानं दोनदा मोबाइलवर गुणाकार केला, मग घाम पुसून म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा किती झाले." काकू म्हणाल्या, "चाळीस पैसे सुटे देऊ का पुढच्या महिन्यात धरता?" आठवडाभरात सगळ्या जिन्यानं ती पत्रिका उतरवून घेतली. सीएनं रात्री, अंधारात.

हा परिच्छेद गणपतीपुढे वाचला आणि टाळ्या पडल्या. त्या भरात अध्यक्षांनी ठराव मांडला की सोसायटीचे हिशोबही यापुढे मालिका मंडळानं पाहावेत. विनोद म्हणूनच मांडला असावा. काकूंनी एकच अट घातली, सात ते साडेनऊ सोडून, आणि तिथल्या तिथं वही मागून घेतली. चष्मा चढवला. चार पानं उलटली.

"काहून जी," त्यांनी खजिनदारांना विचारलं, "जूनमध्ये लिफ्टची मोटर बदलली. जुलैत तीच मोटर दुरुस्त केली. ऑगस्टमध्ये पुन्हा नवी घेतली. आणि मधले भाग कुठे गेले?"