हॉस्टेलमधल्या सगळ्याच मुलींचं हिमोग्लोबिन ११ असेल तर?

सर, नमस्कार.

तुम्ही रोखठोक लिहिलंत ते आवडलं, म्हणून सविस्तर उत्तर देते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लॅबवाले ‘नॉर्मल रेंज’ म्हणून, म्हणजे निरोगी माणसाचा आकडा कुठून कुठवर असतो त्याच्या सीमा म्हणून, परदेशातले आकडे रिपोर्टवर छापतात आणि आपल्या धडधाकट पोरांना आजारी ठरवतात. तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन ११.२ आलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. पण कराडच्या हॉस्टेलवर तिच्या मैत्रिणींचंही तेवढंच आहे आणि सगळ्या हिंडत्याफिरत्या आहेत. तेव्हा साताऱ्याच्या कॉलेजांतल्या १०० मुलामुलींचं रक्त घ्या, सरासरी काढा आणि आपली रेंज आपणच ठरवू. शिवाय ‘निरोगी माणसांपैकीही ५ टक्के रेंजबाहेर पडतात’ हे माझंच वाक्य पकडून तुम्ही विचारलंय की मग रेंजला अर्थ काय उरला?

पहिली तक्रार रास्त आहे. रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यातले आकडे पुष्कळदा किट किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातून उचललेले असतात. ते आपल्याकडे चालतात का, हे तपासायची सोपी पद्धत आहे. आपल्या भागातल्या २० निरोगी माणसांचं रक्त तपासायचं. २ पेक्षा जास्त जण बाहेर गेले नाहीत तर ती रेंज वापरायला हरकत नाही. तालुक्याच्या लॅबलाही हे जमण्यासारखं आहे, आणि ते व्हायलाच हवं.

स्वतःची रेंज नव्याने बांधायची तर मात्र १०० मुलं आणि सरासरी एवढ्यावर भागत नाही. एका गटात किमान १२० माणसं धरतात, आणि हिमोग्लोबिनसाठी मुलं-मुली वेगळे, म्हणजे २४०. सरासरीला दोन्हीकडे दोन प्रमाणित विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) लावायचा मोह तुम्हा गणिताच्या माणसांना होणारच, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) यांचे आकडे एका बाजूला लांब शेपूट काढून पसरतात. तिथे ते गणित फसतं. म्हणून सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडतात. १२० जणांत खालून तिसरा आणि वरून तिसरा आकडा, तिथे सीमा.

पण सर, खरं काम त्याच्या आधीचं आहे. निरोगी कुणाला म्हणायचं?

आपल्याकडचंच बघा. सैन्यभरती, पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं पहाटे यवतेश्वरचा घाट पळत चढतात आणि तिथून थेट लॅबमध्ये येतात. कसून व्यायाम झाला की स्नायूंतून सीपीके आणि एसजीओटी ही एन्झाइम्स रक्तात उतरतात (एसजीओटी यकृताच्या तपासणीतही मोजतात) आणि काही दिवस वाढलेले राहतात. यकृत ठणठणीत असलेल्या पोराच्या घरात रिपोर्ट बघून काळजी सुरू होते. अशी पोरं बेधडक यादीत घेतली तर एसजीओटीची वरची सीमा फुगणार, आणि पुढे खरोखर यकृत बिघडलेला एखादा त्या फुगलेल्या रेंजमध्ये गुपचूप बसणार. म्हणून प्रत्येकाला आधी विचारावं लागतं: व्यायाम कधी केला, गेल्या काही आठवड्यांत ताप आला होता का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, रक्तदान कधी केलं, तंबाखू, दारू, पाळीत रक्तस्राव किती. रक्त सकाळी उपाशीपोटी, पंधरा मिनिटं शांत बसवून घ्यायचं. आडवं पडलेला माणूस उभा राहिला तरी हिमोग्लोबिन आणि प्रथिनांचे आकडे वर सरकतात. दंडाला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळायचा नाही. साध्या नळीतलं रक्त तसंच ठेवलं तर त्यातली साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते, तेव्हा कॉलेजात गोळा केलेल्या नळ्या लगेच लॅबमध्ये पोचायला हव्यात.

आता तुमच्या मुलीच्या हॉस्टेलकडे येते, कारण तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त तिथे खटकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. अशा देशात कुठल्याही हॉस्टेलवरच्या १२० मुली न निवडता घेतल्या, तर लोह कमी असलेल्या मुलीच त्या रेंजची खालची सीमा ठरवतील. ती १० वर येईल, आणि उद्या १०.२ वाल्या मुलीच्या रिपोर्टवर कुठलीही खूण उमटणार नाही. तिची धाप, तिचा थकवा तसाच राहील, फक्त कागदावरून पुसला जाईल. पुढे गरोदरपणात साधारण १ ग्रॅम जादा लोह लागतं, ते ती कुठून आणणार? सगळ्यांचं कमी आहे म्हणून कमी असणं चालतं, हे मी मान्य करणार नाही.

स्त्रियांसाठी १२ ची रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली घातली आणि २०२४ च्या नव्या सूचनांतही ती कायम ठेवली. लोकसंख्येचा मधला ९५ टक्के भाग मोजून लॅब जी रेंज काढते, तिच्यापेक्षा या रेषेचं काम वेगळं आहे. उपचाराचा विचार कुठून सुरू करायचा, हे ती सांगते. एचबीएवनसीचं (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ तसंच आहे, ती मधुमेहाची रेषा. गावातल्या निम्म्या लोकांची साखर वाढली म्हणून ते ७.५ करत नाहीत. आणि गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे याचा हिशेब धरला तर हिमोग्लोबिनची रेषा वरच सरकते: महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथल्या मुलीला १२ सुद्धा अपुरं.

भारतीयांसाठी ही रेषा खाली असावी का, हा वाद खरा आहे. १ ते १९ वयोगटातल्या भारतीय मुलांवरून ही रेषा नव्याने काढणारा अभ्यास २०२१ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला आणि त्यात सीमा खाली आल्या. पण त्या अभ्यासकांनी लोह, फोलेट, बी-१२ आणि ‘अ’ जीवनसत्त्व कमी असलेली, अंगात दाह असलेली मुलं आधी बाजूला काढली होती. मी मागतेय ती चाळणी हीच.

पाच टक्क्यांचं म्हणाल तर ०.९५ चा २० वा घात काढून पाहा. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर १०० निरोगी माणसांपैकी सुमारे ६४ जणांचा एखादा तरी आकडा बाहेर जाईल. म्हणून सीमेला टेकलेला एकटा आकडा बघताना मी आधी त्याच माणसाचा जुना रिपोर्ट मागते. १३.५ वरून १२.१ वर आलेली मुलगी रेंजमध्येच असते, तरी तिची चौकशी करायला हवी.

तुमच्या मुलीच्या गोळ्या बंद करू नका. रिपोर्टमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) किती आहे ते पाहा आणि फेरिटिन झालं नसेल तर डॉक्टरांना विचारा. ते १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलाय. फेरिटिन चांगलं असूनही एमसीव्ही कमी असेल, तर थॅलेसेमिया मायनरसाठी (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करून घ्यावी.

आणि तुमची मूळ कल्पना मला हवी आहे. गाळणी लागून २४० उरायचे तर त्याहून बऱ्याच जास्त मुलामुलींना बोलवावं लागेल, भरतीचे आणि परीक्षेचे दिवस टाळून. नैतिकता समितीची परवानगी आणि प्रत्येकाची लेखी संमती लागेल. ज्यांचं लोह कमी निघेल त्यांना नुसतं यादीतून वगळायचं नाही, रिपोर्ट हातात देऊन उपचारापर्यंत न्यायचं. तुमच्या प्राचार्यांशी बोलून बघता का? त्यांची तयारी असेल तर समितीसाठीचा अर्ज मी लिहून देते.