‘आम्ही हे गांभीर्याने घेतो’ : नव्या संपादकांसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! एका प्रतिष्ठित रिसर्च जर्नलचे संपादक म्हणून तुमची नेमणूक झाली. आता आज ना उद्या तुम्हाला ती मेल येणारच : ‘तुमच्याकडे छापलेल्या अमुक निबंधातली आकृती बनावट दिसते.’ मुळीच घाबरू नका. अलीकडेच मी अशी एक मेल एका जर्नलला पाठवली होती. तिचं तिथे जे काही झालं ते पाहून संपादनकलेबद्दलचा माझा आदर फार वाढला. त्यातून शिकलेलं तुमच्या हाती देतो.

पहिली गोष्ट, पोच ताबडतोब द्या. ‘आम्ही अशा तक्रारी अत्यंत गांभीर्याने घेतो’ हे वाक्य तयारच ठेवा. त्यानंतर काहीही करायचं नाही. पुन्हा विचारणा झाली तर ‘चौकशी गोपनीय आहे’ असं कळवा. त्यानंतरही कुणी विचारलं तर गप्प बसा, तोवर तुमची मुदत संपत आलेली असते.

तक्रार निनावी असेल तर सोन्याहून पिवळं. आकृतीकडे बघायचंच नाही, ‘आपण कोण?’ एवढंच विचारायचं. संपादकांना 1997 पासून नीतिमत्ता शिकवणारी ‘कोप’ नावाची समिती सांगते की तक्रार कुणाची हे बघू नका, पुरावा बघा. सांगू दे. तिच्या सदस्यत्वाचं बोधचिन्ह मात्र जर्नलवर ठळक झळकलं पाहिजे.

तक्रारदाराने नाव दिलंच, तर त्याचा हेतू विचारा.

आता पुरावा. माझ्या प्रकरणात आकृती 2 आणि आकृती 5 मध्ये एकेक वेस्टर्न ब्लॉट होता, म्हणजे नमुन्यातलं प्रथिन काळ्या पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं चित्र. प्रथिनं वेगळी, प्रयोग वेगळे. पण एक चित्र 180 अंशांत फिरवलं की दुसऱ्यावर तंतोतंत बसतं. पट्ट्यांचं सोडा हो, एकात डावीकडून तिसऱ्या पट्टीखाली केसाएवढा वाकडा ओरखडा आहे. दुसऱ्यात तोच ओरखडा उजवीकडून तिसऱ्या पट्टीच्या वर. प्रथिन बदललं, प्रयोग बदलला, ओरखडा तेवढा एकनिष्ठ! हे दिसायला यंत्र लागत नाही. एलिझाबेथ बिक या बाईंनी 20,621 निबंधांतल्या आकृत्या नुसत्या डोळ्यांनी तपासल्या, आणि 3.8 टक्के निबंधांत असा घोळ सापडल्याचं 2016 मध्ये सहकाऱ्यांसोबत छापलं. तुम्ही मात्र ‘तज्ज्ञांचं मत मागवत आहोत’ असंच म्हणा.

पुरावा फारच ढळढळीत निघाला, तर हुकमी एक्का काढा : प्रकरण लेखकाच्याच संस्थेकडे पाठवा. वा, काय युक्ती आहे! ज्या माणसाच्या अनुदानावर संस्थेची लॅब चालते, ज्याचा फोटो संस्थेच्या माहितीपत्रकावर आहे, त्याची चौकशी तीच संस्था करणार. समितीत कोण, तर शेजारच्या विभागाचे प्रमुख, ज्यांचं नाव त्याच्या दोन निबंधांवर आहे. समिती मूळ डेटा मागणार, लेखक म्हणणार हार्ड डिस्क बिघडली, समिती म्हणणार अरेरे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि वर त्यालाच विचारायचं की काही गेलं का! तोवर तुम्ही मोकळे. ‘संस्थेच्या अहवालाची वाट पाहत आहोत.’ अहवाल येत नाही. आला तर गोपनीय असतो. गोपनीय नसेल तर त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द असतो. सगळं काही अनवधानाने! चित्र कापलं अनवधानाने, फिरवलं अनवधानाने, कॉन्ट्रास्ट वाढवला अनवधानाने, खाली दुसऱ्या प्रथिनाचं नाव टाइप केलं तेही अनवधानाने. अनवधानाने एकदा तरी निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी चूक का होत नाही कुणाच्या हातून?

शेवटी काही तरी छापावंच लागलं तर शुद्धिपत्र छापा. लेखकाकडून नवं, स्वच्छ चित्र मागवा. एवढ्या वर्षांनी ते कुठून आलं हे विचारू नका. खाली लिहा, ‘याचा निष्कर्षांवर परिणाम होत नाही.’ मला नेमकं हेच उत्तर मिळालं.

छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या परीक्षकांची नावं लेखकांनाच सुचवू द्या, काम पटापट होतं. 2012 मध्ये उघडकीला आलेल्या एका प्रकरणात लेखक महाशय बनावट ईमेल पत्ते देऊन स्वतःच स्वतःचं परीक्षण करत होते. परीक्षण चोवीस तासांच्या आत परत यायचं म्हणून संशय आला, नाहीतर सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

संयम मात्र अंगी हवाच. भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांचे आकडे विश्वास बसणार नाही इतके गोंडस आहेत, असं जर्मन डॉक्टरांनी 2000 मध्ये पत्र लिहून सांगितलं होतं. पत्र छापून आलं आणि फुजींचे निबंधही पुढे छापून येत राहिले. 2012 मध्ये जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या चौकशीत 172 निबंधांतला डेटा बनावट ठरला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्डचा, लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा निबंध 1998 मध्ये छापला, पूर्णपणे मागे घेतला 2010 मध्ये. त्याच ‘लॅन्सेट’ने कोविडवरच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधाबद्दलचा, सर्जिस्फिअर कंपनीच्या डेटावर बेतलेला निबंध 2020 मध्ये दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला.

म्हणजे जमतं की! सगळ्या जगाचं लक्ष असलं, अब्रू जायची वेळ आली, की पंधरा दिवसांत जमतं. एरवी बारा वर्षं लागतात. मग ‘सखोल प्रक्रिया’ वगैरे कुणाला सांगता?

मूळ, न कापलेला ब्लॉट मागवायला एक मेल पुरते. आला नाही तर ‘या निबंधाबद्दल शंका आहे’ अशी सूचना निबंधावर लावा, म्हणजे वाचक आजच सावध होईल. चौकशी चालू द्या सावकाश. निबंध मागे घेणं ही लेखकाला दिलेली शिक्षा नव्हे, छापील नोंद दुरुस्त करण्याचं काम आहे. तुमच्या त्या कोपच्याच मार्गदर्शनात हे लिहिलंय, वाचा एकदा. लेखकाच्या बढतीची काळजी तुम्ही करू नका. त्या निबंधाच्या भरवशावर कुठल्या तरी लॅबमध्ये पीएचडीची एक मुलगी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करत बसली आहे. तो जमत नाही, आणि गाइड तिलाच ऐकवतोय की तुझाच हात कच्चा. तिची वर्षं कोण भरून देणार? तुमचं शुद्धिपत्र?

परीक्षण आम्हा संशोधकांकडून फुकटात करून घेता. पैसे कुठे लेखकाकडून छापण्याचे घेता, कुठे वाचकाकडून वाचण्याचे. एवढं सगळं दुसऱ्यांच्या जिवावर केल्यावर तुमचं स्वतःचं असं एकच काम उरतं, छापलेलं खोटं निघालं तर तसं सांगण्याचं. तेही होत नसेल तर त्या खुर्चीवर बसता कशाला?